सर्व्हे नंबर नसलेलं कापड

एकोणतीस वर्षं पणजीच्या भूमापन कचेरीत
मी लोकांच्या हद्दी गिरवल्या.
हुद्दा ड्राफ्ट्समन. बाई असून.
कुणाला खटकलं नाही, मलाही नाही.
ट्रेसिंगच्या कागदावर बारीक निबाचं पेन टेकलं
की हाताला बाई-बाप्या काही उरत नाही.

हा एक सर्व्हे नंबर, तो दुसरा,
मधे माड,
माडाच्या दोन्ही बाजूंना सख्खे भाऊ.
माझी रेघ अर्धा मिलिमीटर सरकली
तर कोर्टात दोन पिढ्या सरकणार.
म्हणून मी सरकले नाही.

निरोपाला शाल दिली, नारळ दिला.
नारळ बघून मला हसू आलं,
साहेबांना वाटलं, गहिवरले.

मग घरी, दिवाडीला.
फेरीबोट आली, फेरीबोट गेली.
पंधरा दिवसांत मी सगळ्या डब्यांना लेबलं लावली,
रिकाम्यांनासुद्धा.
सोळाव्या दिवशी परसात गेले
आणि बिंबलीसमोर उभी राहिले.
इतकी वर्षं तिला हुमणात घातली, मिठात घातली,
पाहिली नव्हती.
कोवळ्या डहाळीला नाही,
जून खोडाला लागतात तिची फळं,
साल फोडून, घोसच्या घोस.

विजेच्या बिलामागे एक काढलं.
मग दुसरं. मग बिलं संपली.

म्हापशाची ऑलिंडा, वय चोवीस, ठसे कोरते, कापड छापते.
मला मॅडम म्हणते आणि काढलेलं खोडायला लावते.
म्हणाली, कागद मधोमध कापा.
डावा तुकडा उजवीकडे, उजवा डावीकडे.
आता कडा आत आल्या, मधलं बाहेर गेलं,
मधे जे रिकामं दिसतंय तिथे काढा.

कात्री धरून बराच वेळ बसले.
नकाशा कधी कापला नव्हता मी.

हद्दीला हद्द जुळली पाहिजे,
हे मला कुणी शिकवायला नको.
पण तिकडे जुळली की पक्की व्हायची, शिक्का बसायचा,
इथे जुळली की नाहीशीच होते.
कुठे संपलं, कुठे सुरू झालं,
शोधून सापडू नये, म्हणजे काम चोख.
पहिल्या नमुन्यात सापडत होतं.
दुसऱ्यात. सातव्यातसुद्धा,
दोन घोसांमधून एक पांढरी पायवाट
थेट खालपर्यंत, सरकारी रस्त्यासारखी.

भाऊ म्हणाला, पेन्शन पुरत नाही का?
मडगावचा दुकानदार म्हणाला,
गोवा म्हणजे माड, होडी, सूर्यास्त.
हे आंबट कोण घेणार?
एकसष्टाव्या वर्षी नकार ऐकून घेताना
पोटात तेच होतं जे विसाव्या वर्षी व्हायचं.
फक्त घरी येऊन जेवता येतं.

अकरावा नमुना त्यानं ठेवून घेतला.
चाळीस मीटर. पडद्यांसाठी.
कापडाच्या किनारीवर, मुंगीएवढ्या अक्षरांत,
मीटरमागून मीटर:
नक्षी शेवंती नार्वेकर नक्षी शेवंती नार्वेकर.

किनार आधी कापून टाकतात,
हे मला आगुस्तीन शिंप्याकडे जाऊन कळलं.
त्याच्या पायाशी माझ्या नावाचा ढीग.
कुणाला हवा असतो, विचारलं.
म्हणाला, नेतात की, बांधायला बरा पडतो.

शेजारच्या इश्मेनियानं नेला.
तिच्या मांडवावर तवशाचा वेल
जागोजाग माझ्या नावानं बांधलाय.
वेल वर चढला, कुंपण ओलांडून इकडे उतरला,
चौऱ्याण्णव साली मीच गिरवलेल्या हद्दीवरून.
आता माझ्या बाजूला एक तवशें धरलंय.
कुणाचं, ते सांगायला
मी कचेरीत नाही.

तिला हाक मारून दाखवलं.
तिनं काढलं, तिथेच दाताने तोडलं,
तोंड वाकडं केलं.
कडू, म्हणाली.
अर्धं मला दिलं.